वेदना मोजायला कोण शिकवणार?

रात्रीचे अडीच वाजलेले. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी रुग्णालयाचा पुरुषांचा सर्जरी वॉर्ड. चाळीस खाटा, पन्नासच्या वर रुग्ण, एक स्टाफ नर्स आणि तिच्या हाताखाली नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. कोपऱ्यातल्या खाटेवर जबड्याच्या कॅन्सरचा पन्नाशीतला रुग्ण उशी पोटाशी घेऊन बसून आहे. आडवे झाले की ठणका वाढतो. गालावरची जखम उघडी पडली आहे आणि तिच्या वासाने शेजारच्या खाटेवरच्याने तोंड भिंतीकडे फिरवले आहे. रुग्णाची बायको तिसऱ्यांदा टेबलापाशी येते. "सिस्टर, ह्यांना लई दुखतंय वो. एखादं इंजेक्शन द्या की." केसपेपरवर डायक्लोफिनॅक सकाळ-संध्याकाळ लिहिले आहे. संध्याकाळचे देऊन झाले. विद्यार्थिनी "डॉक्टर राउंडला आले की सांगते" म्हणते आणि चार्ट भरायला वळते. नाडी, तापमान, श्वास, रक्तदाब हे सगळे आकडे व्यवस्थित लिहिले जातात. वेदनेसाठी त्या चार्टवर रकानाच नाही.

हे चित्र कुठल्या एका रुग्णालयाचे नाही. तंबाखू-चुना आणि मशेरीच्या या महाराष्ट्रात तोंडाचे कॅन्सर उशिरा येतात, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्यावर येतात आणि मग वॉर्डच्या कोपऱ्यात पडून राहतात. प्रश्न त्या विद्यार्थिनीचा आहे. तिला त्या माणसाचे काही वाटले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेक वेळा तिला खूप वाटत असते. काय करायचे आणि आपल्याला काय करण्याची मुभा आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक शुश्रूषा, या विषयात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना किती कळते आणि त्याकडे ते कसे पाहतात, हे मोजण्याचे प्रयत्न गेली तीस-पस्तीस वर्षे सुरू आहेत. ज्ञान तपासण्यासाठी १९९६ मध्ये कॅनडात तयार झालेली वीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक विधान बरोबर, चूक की माहीत नाही, एवढेच सांगायचे. दृष्टिकोन मोजण्यासाठी कॅथरीन फ्रॉमेल्ट या अमेरिकी परिचारिकेने १९९१ मध्ये मांडलेली तीस विधानांची मोजपट्टी आहे. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची सेवा करताना तुम्हाला कितपत अवघडल्यासारखे होते, त्याच्याशी मृत्यूबद्दल बोलाल का, त्याच्या घरच्यांना सोबत घ्याल का, अशा स्वरूपाची ती विधाने. निरनिराळ्या देशांत झालेल्या या पाहण्यांचे निकाल समोर ठेवले तर एक गोष्ट सारखी दिसते: दृष्टिकोन बरा, पण ज्ञान कच्चे. वीसपैकी निम्मे गुणही न मिळालेले वर्गच्या वर्ग आढळतात. आपल्याकडेही वेगळे नाही. कर्नाटकात डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांची अशी एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षणाच्या काळात हा शब्द कानावर पडलेल्यांचे प्रमाण त्यात निम्म्याहूनही कमी होते आणि तरीही बहुतेकांचा कल मात्र अनुकूल होता.

म्हणजे माया आहे आणि माहिती नाही. हे निदान ऐकायला दिलासा देणारे वाटते, कारण माहिती शिकवता येते. पण वॉर्डात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या कोणालाही ठाऊक असते की माहितीशिवायची माया फार दिवस टिकत नाही. रोज कण्हणे ऐकायचे आणि रोज हात बांधलेले असायचे, यातून माणूस हळूहळू त्या खाटेकडे पाहणेच सोडतो. मग पाचव्या-सहाव्या वर्षी तीच मुलगी "यांचं असंच असतं" म्हणून नव्या विद्यार्थिनीला पुढच्या खाटेवर नेते.

विद्यार्थ्यांच्या गैरसमजांत पहिला क्रमांक लागतो तो "पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे काही दिवस" या समजुतीचा. डॉक्टरांनी हात टेकले की मग ही सेवा सुरू होते, असे बहुतेकांना वाटते. आणि खरे सांगायचे तर बऱ्याच डॉक्टरांनाही असेच वाटते. वास्तविक गंभीर आजाराचे निदान झाल्या दिवसापासून मूळ उपचारांच्या बरोबरीने ही शुश्रूषा चालायला हवी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला २०१० चा अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीपासून उपशामक शुश्रूषा मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते दुसऱ्या गटापेक्षा सरासरी पावणेतीन महिन्यांच्या आसपास जास्त जगले. आणि ही गरज केवळ कॅन्सरची नाही. धाप लागणारा हृदयविकाराचा रुग्ण, डायलिसिस परवडत नाही म्हणून घरी परतलेला किडनीचा रुग्ण, सीओपीडीने दारात बसून रात्र काढणाऱ्या आजी, अंथरुणाला खिळलेले मूल, या सगळ्यांना ती लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि त्यातल्या केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते.

दुसरा गैरसमज मॉर्फिनचा, आणि तो जास्त घातक. मॉर्फिन दिले की व्यसन लागते, श्वास थांबतो, मॉर्फिन म्हणजे शेवटची घंटा, अशा तिन्ही गोष्टी विद्यार्थिनी कुठे ना कुठे ऐकून आलेली असते. कॅन्सरच्या वेदनेसाठी तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून सुरू करून, वेदनेच्या मापाने वाढवत नेलेले मॉर्फिन सुरक्षित असते. अशा रुग्णांत व्यसनाचा प्रश्न क्वचित उभा राहतो. पहिले काही दिवस झोप येते, मळमळते, मग शरीर सरावते. बद्धकोष्ठता मात्र सरावत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ राहण्याचे औषध पहिल्या दिवसापासून लिहिलेले असलेच पाहिजे. ते नसेल तर डॉक्टरांना आठवण करून देणे हे नर्सचे काम. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते. "दुखलं तर मागून घ्या" असे सांगायचे नसते. वेदना उसळल्यावर तिच्या मागे धावण्यापेक्षा तिला डोके वर काढू न देणे, हा या सगळ्या शास्त्राचा गाभा आहे. आणि घड्याळ सांभाळणारी व्यक्ती वॉर्डात एकच असते, ती म्हणजे नर्स. तिला भीती वाटली तर रात्री दोनची गोळी चुकते, आणि रुग्ण पहाटे पाच वाजता ओरडत उठतो.

भारत हा औषधासाठी अफूची कायदेशीर शेती करणारा देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी ती पिकवतात, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते आणि तिच्यातला मोठा वाटा वर्षानुवर्षे परदेशात गेला. ज्या देशाच्या मातीत हे औषध उगवते, त्याच देशातल्या रुग्णाने डायक्लोफिनॅकवर रात्र काढावी, याला काय म्हणायचे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी माळ लावली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. त्यातून डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या दोन पिढ्या मॉर्फिन न हाताळता तयार झाल्या. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिनसह काही औषधांना 'अत्यावश्यक' असा वेगळा वर्ग मिळाला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी राज्य औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी ठरली. कागदावरची अडचण बरीच सुटली; मनातली तशीच आहे. कारण जिने स्वतः कधी मॉर्फिन दिले नाही, ती शिक्षिका वर्गात त्याचे दुष्परिणाम तेवढे लिहून देते. परीक्षेलाही तेच येतात.

याच्या पलीकडे जे शिकवायचे, ते औषधशास्त्रापेक्षा हातांचे आहे आणि पुस्तकातून अर्धेच कळते. सडलेल्या जखमेच्या वासाने माणूस घरातून तुटतो. नातवंडे जवळ येत नाहीत, जेवणाचे ताट लांबून सरकवले जाते. मेट्रोनिडॅझोलची पूड जखमेवर वापरली तर काही दिवसांत वास बराच कमी होतो. हे औषध स्वस्त आहे आणि सहसा कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळते. धाप लागलेल्या रुग्णाला टेकून बसवून चेहऱ्यावर पंख्याचा झोत दिला, खिडकी उघडली, भोवतीची गर्दी हटवली, तरी त्याचा जीव थोडा खाली बसतो. पाणी गिळता येत नसेल तर दर तासाला ओल्या कापसाने तोंड ओले करणे हा उपचारच आहे. आणि ते रुग्णाच्या मुलीला शिकवले तर तिलाही आपण काही करतो आहोत याचा आधार मिळतो. अखेरच्या तासांत घशात घरघर सुरू होते तेव्हा नातेवाइकांना वाटते, माणूस गुदमरतोय. रुग्णाला त्याचा त्रास सहसा जाणवत नसतो. त्याला कुशीवर वळवायचे, लागले तर डॉक्टरांना विचारून स्राव कमी करणारे औषध द्यायचे आणि घरच्यांना शांतपणे समजावून सांगायचे. हे न शिकलेली विद्यार्थिनी सक्शनची नळी घेऊन धावते, पुन्हा पुन्हा आत घालते आणि जाणाऱ्याची शेवटची वेळ आणखी खडतर करते. तिची तळमळ खरी असते.

सगळ्यात अवघड भाग बोलण्याचा. आपल्या वॉर्डांत एक वाक्य रोज ऐकू येते: "त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील." मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन हे सांगतो, रुग्ण सिस्टरला बाजूला बोलावून विचारतो, "बाई, खरं सांगा, मी बरा होईन ना?" आणि ती सिस्टर बऱ्याचदा वीस वर्षांची विद्यार्थिनी असते, कारण पांढऱ्या गणवेशातली तीच काय ती त्याच्या खाटेपाशी दोन मिनिटे थांबते. तिला दोनच उत्तरे माहीत असतात. "होणार की, काळजी नका करू," किंवा "डॉक्टरांना विचारा." या दोहोंच्या मधली जागा असते. "काका, आज असं का विचारावंसं वाटलं?" असे म्हणून स्टूल ओढून बसायचे. मग कदाचित कळते की काकांना आजाराचे नाव महिन्यापूर्वीच कळले आहे आणि खरी चिंता धाकटीच्या लग्नाची आहे, किंवा सात-बारावर थोरल्याचे नाव चढले नाही त्याची. हे बोलणे उपजत येते असा एक समज आहे. काहींना येतेही. बाकीच्यांना ते रक्तवाहिनीत सुई घालण्याइतकेच सराव करून, चुकून, कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते. सुई घालण्याचा सराव करायला कॉलेजात रबरी हात असतो.

स्वतः विद्यार्थिनीचे काय होते, हेही पाहायला हवे. बारावी होऊन आलेली मुलगी, बरेचदा खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. पहिल्या-दुसऱ्या वर्षात ती पहिला मृत्यू पाहते. शरीर कसे गुंडाळायचे, ओळखपट्टी कुठे बांधायची, कागद कुठे पाठवायचे हे तिला दाखवले जाते. त्या रात्री मेसमध्ये ती जेवली का, हे कोणी विचारत नाही. मरणासन्न रुग्णाला टाळण्याची सवय इथून लागते. दृष्टिकोनाच्या मोजपट्टीवर कमी गुण पडले म्हणून तिला संवेदनशीलतेचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. पहिल्या मृत्यूनंतर इनचार्ज सिस्टरने तिला चहा प्यायला सोबत नेले, तर त्याचा जास्त उपयोग होतो.

आपल्याकडे शुश्रूषेची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्याच सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५ असे जवळपास ४२ वर्षे सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेचे मनापासून कौतुक केले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच सुरू झाले. आधुनिक हॉस्पिसची कल्पना ज्यांच्या नावावर आहे त्या सिसिली साँडर्स मुळात परिचारिकाच होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले, मग त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. वेदना शरीराची, मनाची, घरची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते, हे त्यांचे म्हणणे रात्रपाळीतल्या नर्सला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमात हा विषय अजिबात नाही, असेही नाही. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात चौथ्या सत्रात, प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेच्या विषयाला जोडून, पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र भाग आला आहे. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण तो शिकवणार कोण आणि कुठे? ज्यांनी हा विषय स्वतः कधी शिकलेला नाही अशा शिक्षिकांकडे तो येतो. कॉलेज ज्या रुग्णालयाला जोडलेले असते तिथे बऱ्याचदा ना असा विभाग असतो, ना मॉर्फिनचा साठा. मग स्लाइड दाखवल्या जातात, व्याख्या पाठ होतात, तास भरतात. प्रसूती प्रत्यक्ष केल्याशिवाय कोणी प्रसूतिशास्त्र शिकले असे आपण मानत नाही. विद्यार्थिनीच्या वहीत प्रसूतींची संख्या मोजून लिहावी लागते, सही घ्यावी लागते. जाणाऱ्या माणसाजवळ बसण्याची नोंद त्या वहीत कुठे करायची?

केरळने हा प्रश्न बाहेरून सोडवला. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे छोटे क्लिनिक सुरू केले. त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरण केले. तिथल्या घरभेटीचा कणा नर्स आहे. ग्रामपंचायतीच्या गाडीतून ती ड्रेसिंगची पेटी घेऊन निघते, डॉक्टर लागेल तेव्हा येतो. त्यासाठी परिचारिकांना काही आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले गेले, तेही रुग्णाच्या घरात. युगांडाने आणखी पुढे जाऊन २००४ मध्ये खास प्रशिक्षित परिचारिकांना तोंडावाटे मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. आपल्या कायद्यात ते बसत नाही आणि इतक्यात बसेल असेही दिसत नाही. पण अधिकार दिल्यावर नर्स हे काम पेलते, एवढे तिथे दिसले.

महाराष्ट्रात हे शिकवणे आता लांबवता येणार नाही, त्याला एक व्यावहारिक कारण आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या, त्यांत वृद्धांची आणि उपशामक सेवा आहे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएएमएस डॉक्टरांबरोबर नर्सिंगचे पदवीधरही नेमले जातात. आज चौथ्या सत्रात बसलेली मुलगी तीन-चार वर्षांत एखाद्या वाडीवर एकटी असेल. "घरी घेऊन जा, आता काही करण्यासारखं नाही" असे सांगून शहरातून परत पाठवलेला रुग्ण तिच्याच गावात येणार आहे. तिथे राउंडला येणारे डॉक्टर नाहीत.

नुसत्या शिक्षणाने सगळे होणार नाही, हे मान्य. पन्नास रुग्णांमागे एक नर्स असेल तर दर चार तासांची गोळी, दर तासाचे तोंड ओले करणे आणि स्टूल ओढून बसणे यांतले काय काय जमणार? रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, ती मागणी जुनी आणि रास्त आहे. डॉक्टरांनाही आपले घर आवरावे लागेल. रात्री वेदना उसळली तर किती मात्रा द्यायची, हे संध्याकाळच्या राउंडलाच केसपेपरवर लिहिले असेल, तर नर्सला रात्री कोणाला उठवावे लागत नाही आणि स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करावा लागत नाही. दोन ओळींचे काम आहे; ते बरेचदा होत नाही.

पण काही गोष्टींना ना पदभरती लागते ना मोठा निधी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत वेदनेच्या मोजमापाचे आणि अवघड संभाषणाचे एक स्थानक सक्तीचे केले, तर पुढच्याच सत्रापासून कॉलेजे ते शिकवू लागतील. परीक्षेला येते तेच शिकवले जाते, हे आपल्याकडचे जुने सत्य आहे. ज्या रुग्णालयांत पॅलिएटिव्ह विभाग चालतात तिथे प्रत्येक विद्यार्थिनीची किमान दोन आठवड्यांची नेमणूक व्हावी, त्यात घरभेटी असाव्यात. शिक्षिकांना आधी पाठवावे. डिप्लोमाच्या मुलींना वगळू नये, कारण वॉर्ड त्याही तितक्याच चालवतात. आणि टीपीआरच्या चार्टवर पाचवा रकाना आखावा, शून्य ते दहा. रुग्णाला विचारायचे, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही; आत्ता किती?" आकडा सांगता येत नसेल तर हाताची बोटे दाखवायला सांगायची. त्या रात्री जबड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाला तोंड उघडता येत नव्हते. बोटे दाखवता आली असती. सकाळी हँडओव्हरच्या वेळी ती संख्या मोठ्याने वाचली गेली असती आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना चार्टवर ती दिसली असती.